वाचकांचे प्रश्न : शांतता-अभ्यासात शिरायचं कुठल्या दारातून?

शांतता-निर्माण आणि मानवी सुरक्षा या विषयात संशोधन करू पाहणाऱ्यांची, आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या पालकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून सात इथे घेतले आहेत.

मुलगी राज्यशास्त्रात बीए झाली. आता ‘ह्यूमन सिक्युरिटी’त पीएचडीपर्यंत शिकायचं म्हणते. घरात कुणालाच नीट उमगलेलं नाही. हे नेमकं काय असतं आणि त्यावर पोट भरतं का?
— एक पालक, चिंचवड

भरतं, पण उशिरा. आणि मधली पाच-सहा वर्षं घरच्यांचा धीर लागतो. आधी विषय. देशाची सीमा शाबूत असली म्हणून आतला माणूस सुरक्षित असतोच असं नाही, या निरीक्षणावर तो उभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात तो ठळकपणे मांडला गेला. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. अहवालाने सुरक्षेची सात अंगं सांगितली : आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्तिगत, समुदाय आणि राजकीय. पुढे सदाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या आयोगाचा अहवाल २००३ मध्ये आला, आणि २०१२ मध्ये आमसभेने त्यावर ठराव केला. शांतता-निर्माण हा शेजारचा विषय : दंगल किंवा युद्ध थांबल्यावर ते पुन्हा पेटू नये म्हणून काय करावं लागतं, याचा. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं आरोग्य, मजुरी आणि मुकादमाकडची उचल हे तिन्ही एकत्र ठेवून पाहणं, हे मानवी सुरक्षेचं काम आहे.

पैशांचं सांगायचं तर ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. मात्र कायम जागा कमी, म्हणून अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते आणि ते मानधन कित्येकदा महिनोन् महिने येत नाही. दुसरी वाट स्वयंसेवी संस्था, धोरण-संशोधन संस्था आणि आंतरराष्ट्रीय संघटनांची. तिथे पदाचं नाव ‘शांतता-तज्ज्ञ’ असं क्वचितच असतं. रिसर्च असोसिएट, प्रोग्रॅम ऑफिसर, मॉनिटरिंग-इव्हॅल्युएशन असंच असतं. जाहिराती शोधताना मुलीने ही नावं शोधावीत.

नेटला ‘शांतता अभ्यास’ असा स्वतंत्र विषय आहे असं कळलं. मला त्याच विषयात काम करायचं आहे, मग तीच परीक्षा द्यावी ना?
— एमए प्रथम वर्ष, गणेशखिंड

घाई करू नका. तुम्ही म्हणता तो विषय कोड ६० : ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास’. नाव पूर्ण वाचा. अभ्यासक्रमाचा मोठा भाग बौद्ध आणि जैन परंपरा व गांधीविचार यांचा आहे. ज्याची एमएची तयारी आंतरराष्ट्रीय राजकारणात झाली, त्याला तो सोपा जाणार नाही. त्याहून मोठी अडचण नोकरीची. महाविद्यालयांची जाहिरात राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र, समाजशास्त्र अशा मंजूर पदांसाठी निघते. कोड ६० ची नेट घेऊन राज्यशास्त्राच्या जागेला अर्ज केलात की छाननीतच कागद अडकतो, आणि मग विषय समकक्ष असल्याचं पत्र मिळवत विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आमचं मत स्पष्ट आहे. राज्यशास्त्र (कोड ०२) किंवा संरक्षण व सामरिकशास्त्र (कोड ११) यांतला तुमच्या एमएशी जुळणारा विषय घ्या आणि शांतता-अभ्यास प्रबंधातून करा. पुण्याला हे सोयीचं आहे, कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग आहे तसा संरक्षण व सामरिकशास्त्राचाही आहे. कोड ६० घ्यायचाच तर गांधीविचारात किंवा पाली-बौद्ध अध्ययनात खरोखर रस असलेल्यांनी घ्यावा.

पेपर एक ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. पेपर दोन १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास, उणे गुण नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. जून २०२४ पासून नेटचे निकाल तीन गटांत लागतात : पहिला जेआरएफ व सहायक प्राध्यापक, दुसरा सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि त्यांना ७० टक्के वजन असतं, मुलाखतीला ३०. म्हणजे निकाल लागल्यावर गाईड शोधायला बसलात तर वर्ष हातचं जातं. सेट ही राज्यपातळीवरची पात्रता परीक्षाही सोडू नका. ती आपलंच विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. फक्त तिच्यावर जेआरएफ मिळत नाही.

‘मराठवाड्यातील ग्रामीण भागातील मानवी सुरक्षा व शांतता : एक अभ्यास’ हा माझा विषय समितीने परत पाठवला. ‘फार व्यापक’ एवढाच शेरा आहे. काय बदलू?
— संशोधक विद्यार्थी, हडपसर

‘एक अभ्यास’ या दोन शब्दांतच दुखणं आहे. तुमच्याकडे प्रदेश आहे, संकल्पना दोन आहेत, पण प्रश्न नाही. मानवी सुरक्षेची सातही अंगं आणि आठ जिल्हे असं धरलंत तर एका माणसाचं आयुष्य पुरणार नाही. आराखडा उलट्या बाजूने बांधा : कागद कुठे पडलेले आहेत, ते आधी पाहा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे समितीपुढे सामोपचाराने मिटवायचे, आणि चांगलं काम केलेल्या गावाला शासनाचा पुरस्कार. शांतता-निर्माणाचा हा एवढा मोठा सरकारी प्रयोग घरच्या अंगणात असताना आपले विद्यार्थी प्रबंधासाठी रवांडाकडे का धावतात, हे आम्हाला कळत नाही. आता प्रश्न असा करा : पुरस्कार मिळालेल्या गावात तंटे खरोखर मिटले, की नुसते नोंदवायचे थांबले?

इथे नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग कामाला येतात. १९६९ च्या निबंधात त्यांनी नकारात्मक शांतता, म्हणजे उघड हिंसा नसणं, आणि सकारात्मक शांतता, म्हणजे रचनेतला अन्याय दूर होणं, असा भेद केला. ही व्याख्या प्रस्तावनेत टाकून विसरायची नसते. तिने मोजायचं असतं. बांधाचा वाद मिटला, मोजणी झाली, दोघं पुन्हा एका विहिरीवर पाणी भरतात, तर तो एक प्रकार. नवऱ्याने मारल्याची तक्रार समितीने ‘समजूत काढून’ परत घ्यायला लावली, तर वहीत तोही ‘मिटलेला तंटा’च. अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा तर कायद्याने तडजोडीने मिटवता येतच नाही. तसं काही वहीत सापडलं, तर तुमचा प्रबंध तिथेच आहे.

गावं चारच घ्या : दोन पुरस्कारप्राप्त, दोन नसलेली, पण लोकसंख्या, ओलिताचं क्षेत्र आणि तालुक्याच्या गावापासूनचं अंतर साधारण सारखं. काळ २००७ ते २०१२, आणि तुलनेसाठी आधीची तीन वर्षं. कागद दोन : समितीची नोंदवही आणि पोलीस ठाण्याची अदखलपात्र गुन्ह्यांची नोंद. वही ग्रामपंचायतीत असेल असं धरून चालू नका. बदलून गेलेल्या ग्रामसेवकाकडे किंवा समितीच्या माजी अध्यक्षांच्या कपाटात असू शकते. पोलिसांकडचं माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. दोन विषय घातलेत तर फेटाळायला आयतं कारण मिळतं. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. वर्षवार, गाववार, प्रकारवार संख्या मागा.

मग मुलाखती, गावागणिक दहा, एकूण चाळीस. तासाभराचं मराठी ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून काढायला पाच-सहा तास लागतात. ग्रामीण बोली, मागे ट्रॅक्टर आणि मध्ये बोलणारी चार माणसं असली तर जास्तच. चाळीस मुलाखती म्हणजे जवळपास २४० तास, रोज चार तास बसलात तर दोन महिने. आराखड्यात हे दोन महिने लिहिलेले दिसले, की विद्यापीठाच्या समितीला कळतं की या मुलाने विचार केलाय.

नियमांचा हिशेबही मांडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात ५५ टक्के हवेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणून विषय सुचवण्याआधी ‘सर, जागा आहे का?’ हे विचारून घ्यावं. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती या नियमांनी काढली, पण मुलाखतीत निबंध विचारतातच. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून ‘चार दिवसांत छापून देतो’ म्हणणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. पैसे घेऊन, न तपासता छापलेला निबंध पुढे नावाला चिकटून राहतो.

हिंजवडीत डेटा अॅनालिस्ट आहे. पायथन आणि ‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषा येतात. संघर्षाच्या आकडेवारीवर काम करायचं आहे. माझ्यासारख्याला या क्षेत्रात जागा आहे का?
— एक अभियंता, बाणेर

आहे, आणि तुम्हाला वाटते त्याहून जास्त. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या संघर्ष-डेटा कार्यक्रमाची आणि ‘एक्लेड’ या संघर्षाच्या घटना नोंदवणाऱ्या संस्थेची आकडेवारी मिळवा. दोन्हींवर जगभर निबंध लिहिले जातात. पण कोड लिहिण्याआधी कोडबुक, म्हणजे काय आणि कसं मोजलंय ते सांगणारी पुस्तिका, वाचा. उप्सालाच्या व्याख्येत एका वर्षात लढाईशी निगडित किमान २५ मृत्यू झाले तरच सशस्त्र संघर्ष, आणि १,००० झाले की युद्ध. त्या चाळणीतून महाराष्ट्रातल्या बहुतेक जातीय तणावाचं काहीच वर राहत नाही. ‘इथे संघर्ष शून्य’ असा सुंदर आलेख निघतो आणि तो चुकीचा असतो. शिवाय असा डेटा बराचसा बातम्यांवरून बनतो. तालुक्यातली घटना इंग्रजी पत्रात आली नाही, तर ती निसटण्याचा धोका असतो. मराठी वृत्तपत्रं वाचून नोंदी करू शकणारा अभियंता म्हणजे दुर्मीळ माणूस, हे लक्षात ठेवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वापरताना दोन खड्डे आहेत. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. म्हणून खुनासह झालेली दंगल दंगलीच्या रकान्यात दिसत नाही. दुसरा, कायद्यात पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाने हिंसा केली की ती दंगल. बांधावरून दोन भावकींत झालेली हाणामारीही त्यात येते. ‘महाराष्ट्रात एवढ्या हजार दंगली’ असा मथळा वाचून थेट धार्मिक दंगलींचा निष्कर्ष काढणारे निबंध आम्ही पाहिले आहेत. उपशीर्षांपर्यंत जा. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा त्याआधीची आणि नंतरची वर्षं जोडताना कलमं जुळवून घ्या : जुन्या दंड संहितेतलं दंगलीचं कलम १४७ आता १९१ मध्ये आहे.

नोकरी लगेच सोडू नका. आधी एका जिल्ह्याचा छोटा, स्वच्छ डेटासंच स्वतः तयार करा. तो दाखवून कुठल्याही विभागात तुमचं स्वागत होईल.

गडचिरोलीत क्षेत्रकार्य करायचं आहे. परवानगी कुणाची लागते? मुलाखतींत काय काळजी घ्यावी?
— पीएचडी विद्यार्थिनी, कर्वेनगर

भारतीय नागरिकाला गडचिरोलीत जायला परवाना लागत नाही. नागालँड, मिझोराम, अरुणाचल आणि मणिपूरला इनर लाइन परमिट लागतो, ती गोष्ट वेगळी. तरी विभागाचं पत्र आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी जवळ ठेवा, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात पत्राची पोच घ्या, आणि गावात पोचल्यावर आधी ग्रामसभेला सांगा. पोलिसांच्या गाडीतून मात्र गावात उतरू नका. त्या एका प्रवासाने तुम्ही कुणाच्या आहात हे गावापुरतं ठरून जातं, आणि तुम्ही पुण्याला परतल्यावर त्याची किंमत तुमच्याशी बोललेल्या माणसाने मोजायची असते.

भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलली जाते. दुभाषा सरपंच किंवा ठेकेदाराचा माणूस नको. बायकांच्या मुलाखतींना दुभाषी बाईच हवी. तिला दिवसाची ठरलेली मजुरी द्या आणि तीही गोपनीयतेला बांधलेली आहे हे आधी बोलून घ्या.

संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा आग्रह धरू नका. ज्या माणसाला कागदावर अंगठा म्हणजे जमीन गेल्याचा किंवा ठाण्यात बसवल्याचा अनुभव आहे, तो घाबरून सही करेल, ती संमती नव्हे. तोंडी संमती घ्या, नीतिसमितीकडून तशी आधीच मंजूर करून घ्या. तीन गोष्टी त्याच्या भाषेत सांगा : मी कोण, हे कशासाठी, आणि मध्येच ‘बास’ म्हणालात तर काहीही बिघडत नाही. यातून घरकुल किंवा पेन्शन मिळणार नाही, हेही सांगा. बाहेरून आलेल्या वहीवाल्या माणसाकडून तीच अपेक्षा असते.

आणि हे नीट ऐका. वकिलाला असतं तसं गुप्ततेचं कायदेशीर कवच संशोधकाला नाही. तुमच्या वह्या आणि रेकॉर्डिंग तपासात मागितलं जाऊ शकतं. म्हणून ‘तुम्ही कुणाला जेवण दिलं’, ‘त्या रात्री कोण आलं होतं’ असले प्रश्न विचारायचेच नाहीत. जे माहीत नाही, ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, गावात न नेलेली. फोनचं लोकेशन आणि आपोआप होणारा क्लाउड बॅकअप बंद. नाहीतर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही साठतो.

आत्मसमर्पित नक्षलवाद्यांच्या मुलाखती पोलिसांमार्फत सहज मिळतात, म्हणून अनेक प्रबंध त्यांवरच उभे राहतात. मुलाखत सुरू असताना शेजारी शिपाई बसलेला असेल, तर ते उत्तर त्याच्यासाठीही आहे. वापरायचं तर ही परिस्थिती प्रबंधात लिहा.

वय ३४. आठ वर्षं स्वयंसेवी संस्थेत काम. आता परदेशात शिकायला उशीर झाला का?
— एक कार्यकर्ती, येरवडा

उलट तुम्हीच योग्य उमेदवार. रोटरी पीस फेलोशिपच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, व्यावसायिकांच्या प्रमाणपत्र कार्यक्रमाला पाच वर्षांचा. शिकवणी शुल्क, राहणं, जेवण आणि प्रवास त्यातून होतो. प्रमाणपत्र कार्यक्रमासाठी रोटरीने पुण्यातल्या सिम्बायोसिस विद्यापीठाचीही केंद्र म्हणून निवड केली आहे. अर्ज साधारण मेच्या मध्यापर्यंत घेतात. रोटरीचे सभासद आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अपात्र ठरतात, तेव्हा घरात कुणी रोटेरियन असेल तर आधी तपासा. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जुन्या संस्थेकडून तासांचा उल्लेख असलेलं अनुभवपत्र आत्ताच घ्या. मानद काम केलेल्यांची इथेच दमछाक होते.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीचा विचार असेल तर एक मेख आहे. ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीवर चालते, विभागाच्या नावलौकिकावर नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा शांतता-अभ्यास विभाग १९७० च्या दशकापासूनचा नावाजलेला, पण विद्यापीठ क्रमवारीत खाली, उप्साला वर. अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचा.

देशात राहायचं तर दिल्लीला जामिया मिलियाचं नेल्सन मंडेला केंद्र आहे आणि टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) गुवाहाटी परिसरात शांतता व संघर्ष अभ्यासाचं एमए. जपानकडेही पाहा. मानवी सुरक्षा हा त्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा जुना आधार. संयुक्त राष्ट्रांचा मानवी सुरक्षा निधी १९९९ मध्ये जपानच्याच पैशाने सुरू झाला. जपानी शिकायला पुण्यासारखं गाव नाही आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही इथेच आहे.

‘युनायटेड नेशन्स’मध्ये निवड झाल्याचं ईमेल आलं. कागदपत्र पडताळणीसाठी १८,५०० रुपये भरायला सांगताहेत. भरू का?
— एक वाचक, धनकवडी

नाही. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत : अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नका, आधार-पॅनच्या प्रती पाठवू नका. पैसे आधीच भरले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.